साठच्या वेगाला पांढरी सहा

अमेरिकेच्या नकाशावर फ्रिस्को नावाची दोन गावं आपल्या कामाची आहेत. एक कोलोरॅडोत, नऊ हजार फुटांवर, रॉकी पर्वताच्या कुशीत. तिथून जाणाऱ्या आय-७० महामार्गावर सप्टेंबर ते मे या काळात चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी, नाहीतर बर्फात चालणारे टायर किंवा साखळ्या हव्यात, असा राज्याचा कायदाच आहे. दुसरं फ्रिस्को टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. हे इतकं सपाट आहे की इथले लोक उड्डाणपुलालाच चढ म्हणतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पहिल्या गावात लागते. दुसऱ्या गावात ती घेतली जाते.

टेक्ससचं फ्रिस्को २००० सालच्या जनगणनेत ३३,७१४ माणसांचं होतं. २०२० साली तिथे २,००,५०९ माणसं मोजली गेली. या भरतीत भारतीयांचा वाटा मोठा, आणि त्यात पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर सगळं आलं. शनिवारी कार्यसिद्धी हनुमान मंदिराच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं, तर उंच चाकांच्या गाड्यांची रांग पाहून वाटावं, ही मंडळी दर्शन घेऊन थेट द्रोणागिरीकडेच निघाली आहेत. प्रत्यक्षात ती निघालेली असतात कॉस्टकोला.

या खरेदीमागे कारण मात्र खरंखुरं आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्ससवर हिमवादळ कोसळलं. लाखो घरांतली वीज गेली, नळ गोठले, रस्त्यांवर काचेसारखा बर्फ साचला. त्या आठवड्यात ज्यांची गाडी गॅरेजमधून बाहेर पडू शकली नाही, त्यांनी मनाशी ठरवलं की पुढची गाडी चारही चाकांनी ओढणारी. चार चाकांची ओढ गाडी हलवायला उपयोगी पडते, थांबवायला नाही. घट्ट बर्फावर ब्रेक दाबला की चारही चाकं एकदिलाने घसरतात. पण हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी ऐकायला कोणी आलेलं नसतं.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. नाव कशाला, अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायकोही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा फुटबॉलच्या म्हणजे सॉकरच्या सरावात, आणि सहा महिन्यांसाठी आलेले वडील, जे एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. गाडी कोणत्या कंपनीची तेही विचारू नये. तिची पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली, बॉनेटवर स्वस्तिक उमटलं. नव्याचे नऊ दिवस गेले आणि मागून एक आवाज यायला लागला.

नव्या गाडीतल्या आवाजाची मजा अशी की तो एकालाच येतो. जुन्या गाडीत सगळंच वाजत असतं, त्यामुळे कान कशातच अडकत नाही. नव्या गाडीला मात्र मालक कानात तेल घालून बसलेला असतो.

“ऐक. आता ऐक.”

“कुठे काय?”

“अगं, गुणगुणतंय बघ. मागून.”

“अरे, एसी बंद कर आधी.”

एसी बंद होतो. ऑगस्टात, डॅलसच्या चाळीस अंशांत. मुलाला रेडिओ बंद करायला लावतात. चौघेही श्वास रोखून बसतात. पुढे सिग्नल लाल होतो, गाडी थांबते, आवाजही थांबतो. मग त्या आवाजाचं वर्णन सुरू होतं आणि घरात चार तट पडतात. नवऱ्याच्या मते तो गुणगुण, बायकोच्या मते कुईं, मुलाच्या मते ड्रोन उडतो तसा, आणि वडिलांच्या मते “क्राउन-पिनियन वाजतंय. हौसिंग उघडा.” वडिलांनी हे निदान गाडीत पहिल्यांदा बसल्यापासून तिसऱ्या मिनिटाला केलेलं असतं. परदेशातल्या गाडीबद्दल ते कसं खरं असेल, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आवाजाची नक्कल करण्याचं हे वेड आपल्यापुरतं आहे असंही नाही. ‘कार टॉक’ नावाचा रेडिओ कार्यक्रम टॉम आणि रे मॅग्लिओत्सी हे दोन भाऊ करत. दोघेही एमआयटीचे पदवीधर, धंद्याने गॅरेजवाले. १९८७पासून तो एनपीआरवर देशभर ऐकू येऊ लागला. सुशिक्षित, शहाणीसुरती माणसं फोन करून लाखो श्रोत्यांसमोर आपल्या गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवायची आणि दोघे भाऊ पोट धरून हसायचे. पण हसून झालं की ते जे प्रश्न विचारायचे त्यांत सगळी विद्या होती. आवाज कसा येतो हे कोणीही आपल्या तोंडाच्या ठेवणीप्रमाणे सांगतो. खरा प्रश्न, तो केव्हा येतो. वेग वाढवताना की पाय काढल्यावर? सरळ जाताना की वळताना? इंजिन गरम झाल्यावर की सकाळी सकाळी? या प्रश्नांची उत्तरं घेऊन गेलेला माणूस गॅरेजमध्ये निम्मी लढाई जिंकून आलेला असतो. आपला मालक मात्र ‘कुईं’ घेऊन जातो.

सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार अतिशय गोड बोलणारा असतो. तो ‘कुईं’ टाइप करत नाही. तो लिहितो, ‘ग्राहकाच्या मते मागून आवाज.’ ‘ग्राहकाच्या मते’ या दोन शब्दांत कंपनीचं सगळं वकीलखातं सामावलेलं आहे. दोन तासांनी गाडी धुऊन परत मिळते आणि कागदावर निकाल असतो, ‘कुड नॉट डुप्लिकेट.’ म्हणजे आम्ही चालवून पाहिली, आम्हाला काही ऐकू आलं नाही. मेकॅनिकने गाडी नेली असते जवळच्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने. आवाज येतो साठला, आणि तोही ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल सोडल्यावर. मालक पुरावा म्हणून फोनवरचं रेकॉर्डिंग काढतो. त्यात बायकोचा ‘एसी बंद कर’ स्वच्छ येतो, मुलाची कुरकुर येते, आवाज तेवढा येत नाही. बऱ्याच फोनमधलं सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा सूर कचरा समजून गाळून टाकतं. असलं काहीतरी गाळणारं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस याच फ्रिस्कोत, कदाचित याच गल्लीत राहत असेल.

वडिलांचं हौसिंग म्हणजे मागच्या डिफरन्शियलचं घर. इथे त्या डिफरन्शियलची थोडी ओळख करून दिलीच पाहिजे, कारण एवढं बोलणं ज्याच्याविषयी चाललंय तो बिचारा गाडीखाली तेलात बुडून गप्प आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त चालतं. किती जास्त? दोन चाकांत दीड-पावणेदोन मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण प्रदक्षिणेत साधारण दहा मीटर जास्त. मग प्रदक्षिणा छोट्या चौकाला असो की अख्ख्या गावाला, फरक तेवढाच. काटकोनात वळलं की अडीच मीटर. एकाच दांड्यावर दोन्ही चाकं जखडली असती तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटलं असतं. ही फरफट सोडवणारी दात्यांची योजना ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी नोंदवली. पुढे १९२६मध्ये पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर आणले. यात शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, ॲक्सल फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राउनच्या, मध्यरेषेच्या खाली बसतं, त्यामुळे इंजिनाकडून येणारा शाफ्ट खाली गेला आणि गाडीची बैठकही खाली आली. दात तिरके आणि गोलाईदार असल्याने ते नुसते टेकत नाहीत, एकमेकांवरून घसरत जातात. म्हणून चालही शांत येते. आणि म्हणूनच त्यांना गंधकयुक्त, कुजक्या वासाचं खास तेल लागतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘नव्वद नंबर’ म्हणतात.

वडिलांनी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. “हौसिंगात तेल कितीचं?” मालकाने सल्लागाराला विचारून सांगितलं, पंच्याहत्तर डब्ल्यू पंच्याऐंशी. वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सल्लागारालाही कळलं. पातळ तेलाने इंधन वाचतं हे खरं, आणि नव्या गाड्यांत तसंच तेल असतं हेही खरं. पण ज्यांनी वडापच्या ट्रॅक्समध्ये सतरा माणसं, चार करडं आणि टपावर भाजीच्या पाट्या पाहिल्यात, त्यांना पंच्याऐंशी म्हणजे पाणी वाटणारच. वडाप चालवणारा ड्रायव्हर मागच्या हौसिंगचा आवाज सतरा माणसांच्या गलक्यातून ओळखतो, आणि पंढरपूरपर्यंत जाईल की नाही ते सांगतो.

दापोडीची पद्धत सोपी होती. गाडी उचलायची, चाकं फिरवायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हौसिंगला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेअरिंग गेलं असेल तर करकर थेट कवटीत ऐकू येते. फ्रिस्कोतल्या वर्कशॉपमध्ये हेच काम ‘चॅसी इअर्स’ करतात. गाडीखाली चार-सहा ठिकाणी चिमट्याने मायक्रोफोन लावायचे, हेडफोन चढवायचा, गाडी रस्त्यावर न्यायची आणि एकेक बटण दाबत आवाज कुठे सर्वांत मोठा ते ऐकायचं. खर्च वेगळा, तत्त्व स्क्रू ड्रायव्हरचंच.

पण आपल्या घराचं कोडं सोडवलं ते यांपैकी कशानेच नाही. ते सोडवलं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना घरी सोडायला निघाले असताना टोलवेवर ते सहज म्हणाले, “तुमची गाडी पांढरी सहात गातेय.”

हे ऐकून कोणी हसेल, पण गणित मांडून पाहावं. एकतीस इंच उंचीचा टायर एका मैलात साधारण ६५० फेरे घेतो. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणजे चाक सेकंदाला जेमतेम अकरा वेळा फिरतं. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ११, ही बऱ्याच गाड्यांत सापडणारी जोडी. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ४१ दात पिनियनवरून जातात. सेकंदाला सुमारे ४४४ वेळा दाताला दात लागतो. आणि पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे ४४० कंपनं. गृहस्थांचा कान चार कंपनांनी चुकला, तेही वेग साठच्या जरासा खाली असल्यामुळे असावं.

पुढची गंमत आणखी गोड आहे. तीसच्या वेगाला हाच सूर बरोबर निम्मा होतो, म्हणजे खालचा षड्ज. पंचेचाळीसला पंचम. साठला वरचा षड्ज. आणि पंच्याहत्तरला वरचा शुद्ध गंधार, तोच जो नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून कोणी न छेडता ऐकू येतो. टोलवेवर गंधार लावायला गेलं तर साथीला पोलिसांचा सायरन येतो, म्हणून बहुतेक गाड्या षड्जावर थांबतात. शास्त्रीय संगीताचे वर्ग फ्रिस्कोत जागोजागी भरतात. त्यातल्या एकाही गुरूने अजून टोलवेवर रियाज सुचवलेला नाही.

यातून निदानाला फार मोठी मदत होते. जो सूर गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो तो चाकं, ॲक्सल, शाफ्ट किंवा डिफरन्शियल यांचा. जो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो तो इंजिनाचा. नव्या गाडीत आठ-दहा गिअर असतात, त्यामुळे साठच्या वेगाला इंजिन वेगवेगळ्या फेऱ्यांवर चालवून पाहता येतं. गिअर बदलूनही सूर हलला नाही तर इंजिन निर्दोष. काही इंजिनं इंधन वाचवायला चालता चालता निम्मे सिलिंडर झोपवतात. तेव्हा एक जाड घुमारा येतो आणि त्याचं खापर फुकट डिफरन्शियलवर फुटतं. चाकाचा असमतोल सेकंदाला अकराच्या चालीने येतो; तो ऐकू येत नाही, बुडाखाली कळतो. मागे जाणारा शाफ्ट सेकंदाला चाळीस वेळा फिरतो, त्याची घरघर पेटीच्या अगदी डाव्या टोकाचीही नव्हे, तिच्याही खालची. पांढरी सहा गाणारा मात्र दाताला दात लावणाराच असतो. पेटीवादक गृहस्थांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त सूर माहीत होता.

तरीही सूर सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. फ्रिस्कोत बहुतेक मोठे रस्ते काँक्रीटचे आहेत, आणि पाऊस निथळावा म्हणून काँक्रीट ओलं असताना त्यावर आडव्या खाचा ओढलेल्या असतात. टायर त्यांवरून जाताना स्वतःच गातात. डांबरी पट्टा लागल्याबरोबर आवाज गायब झाला, तर डिफरन्शियलची माफी मागावी. टपावरच्या आडव्या पट्ट्या वाऱ्याने शीळ घालतात. वर मास्किंग टेप चिकटवून पाहिलं की कळतं. अनेकांनी या टपावरच्या पट्ट्यांसाठी मागचा ॲक्सल उघडायला लावलेला आहे. पट्ट्यांवर अर्थात आजवर काहीही बांधलेलं नसतं.

मग खिळे. गाव वीस वर्षं सतत बांधलं जातंय, त्यामुळे छपराचे खिळे रस्त्यावर पडलेले. नव्या गाडीचा एक टायर खिळ्याने जातो, मालक एकच नवा बसवतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला हे सोसत नाही. सुबारू कंपनी तर सांगते की चार टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. एक चाक लहान-मोठं झालं की जी यंत्रणा वळणापुरती जागी व्हायची ती सरळ रस्त्यावरही अखंड राबते, तापते, आणि मग एक दिवस बोलते.

सर्वांत स्वस्त दुखणं मात्र वेगळंच. साध्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो; बटण ‘फोर-एच’वर नेलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. चिखलात, बर्फात चाकं घसरून हिशेब जुळवतात. कोरड्या काँक्रीटवर घसरायला वाव नसतो. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी वळवायला गेलं की ती अडखळते, गचके देते, खालून ठक्क आवाज येतो. “एवढे पैसे मोजले, मग बटण चालू तरी ठेवू,” हा हिशेब त्यामागे असतो. बटण ‘टू-एच’वर आणलं की रोग बरा होतो. या उपचाराचे पैसे कोणी घेत नाही, म्हणून तो कोणी सांगतही नाही.

आता खरोखर बिघाड असेल तर. वेग वाढवताना सूर येत असेल तर दातांची एक बाजू दोषी, पाय काढल्यावर येत असेल तर दुसरी. कारण ओढताना दाताची एक कड भार घेते आणि गाडी इंजिनाला ढकलते तेव्हा उलटी. दोन्ही वेळा, सगळ्या वेगांत घरघर असेल तर पिनियनचं बेअरिंग संशयित. टोलवेवर जरा डावी-उजवी लहर घेतली आणि आवाज बदलला तर चाकाचं बेअरिंग. झाकण उघडल्यावर चुंबकावर राखाडी गाळ दिसला तर घाबरू नये, नवे दात एकमेकांना घासून बसताना तेवढं उतरतंच. बोटाला टोचणारा कण लागला तर घाबरावं. दात नीट बसावेत म्हणूनच टोयोटासारख्या कंपन्या पुस्तिकेत सांगतात की पहिले पाचशे मैल मागे ट्रेलर जोडू नका. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि पिशवी फोडलेली नसते.

त्यानंतरचं काम फार देखणं आहे. दातांना पिवळा लेप लावतात, हळदीच्या दिवशी नवऱ्याला लावावा तसा सढळ हाताने, आणि क्राउन फिरवतात. जिथे दाताला दात टेकतो तिथला लेप पुसला जातो. तो ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाकडे गेला, मुळाकडे गेला, तर मागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून-काढून पिनियन पुढेमागे करतात. दोन दातांमधला सैलपणा साधारण मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. कमी झाला तर तापणार, जास्त झाला तर खडखडणार. ४१ आणि ११ या आकड्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे एका दाताला तोच दात पुन्हा भेटायला ४५१ भेटी जाव्या लागतात. झीज सगळ्यांना सारखी वाटली जाते. इतकी न्यायी वाटणी दुसऱ्या कुठल्या भाऊबंदकीत आढळत नाही. हे चकत्यांचं काम शिकायला वर्षं लागतात आणि वॉरंटीत त्याचे तास थोडे मिळतात, म्हणून वर्कशॉपला सबंध ॲक्सल बदलणं सोयीचं पडतं. दापोडीत हेच काम बाकावर बसून, चहा निवण्याच्या आत व्हायचं, असं वडिलांचं म्हणणं. चहाचं प्रमाण ते सांगत नाहीत.

मालकाला वेडं ठरवण्याआधी एवढं मात्र नोंदवलं पाहिजे की मागच्या ॲक्सलने नव्या गाड्यांत खरोखर दगा दिलेला आहे. टोयोटाचं अमेरिकी मुख्यालय फ्रिस्कोला लागून असलेल्या प्लेनोत, २०१७पासून. तिची टुंड्रा टेक्ससमध्येच, सॅन अँटोनियोत बनते. २०२२च्या नव्या टुंड्राच्या मागच्या ॲक्सलचे नट ढिले होऊन पडू शकतात, ॲक्सल शाफ्ट सुटू शकतो, असं निघालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे ४६,००० गाड्या परत बोलावून नट आवळून दिले. रोग नटाला, पाना नटाला. हिशेब सरळ.

फोर्डची तऱ्हा निराळी. २०२० ते २०२२च्या एक्स्प्लोरर गाड्यांमध्ये मागचा ॲक्सल बांधून ठेवणारा आडवा बोल्ट तुटू शकतो, शाफ्ट सुटू शकतो, ‘पार्क’मध्ये उभी गाडीही घरंगळू शकते, म्हणून एप्रिल २०२२मध्ये २,५२,९३६ गाड्या परत बोलावल्या. आणि उपाय काय केला? सॉफ्टवेअर बदललं. बोल्ट तुटलाच तर पार्किंग ब्रेक आपोआप लागावा, अशी व्यवस्था केली, बोल्ट तसाच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. फ्रिस्कोतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा उपाय मनापासून पटला असणार, त्यांचा अर्धा दिवस असल्याच दुरुस्त्यांत जातो. रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याला तो पटला नाही. २०२३च्या जूनमध्ये विचारणा सुरू झाली आणि ऑक्टोबरात फोर्डने पुन्हा २,३८,३६४ गाड्या बोलावल्या. या खेपेला बोल्ट बदलला.

आपल्या मालकाने हे सगळं वाचलं आणि त्याला हुरूप आला. त्याने टेक्ससच्या ‘लेमन लॉ’चा अभ्यास केला. पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४,००० मैलांत एकच दोष चार वेळा दुरुस्तीला नेऊनही उरला, किंवा गाडी तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ३५ डॉलर भरून राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे दाद मागता येते. मुहूर्ताला चाकाखाली फुटलेल्या लिंबांचा या कायद्याशी संबंध नाही, पण बायकोने तो जोडून दाखवलाच. कागद मात्र प्रत्येक खेपेचा हवा. मराठी मध्यमवर्गाला हे शिकवावं लागत नाही. एका फायलीत पिवळ्या चिकट्या लावून चारही ‘कुड नॉट डुप्लिकेट’ तारीखवार बसले. पाचव्या खेपेला मालक ‘कुईं’ घेऊन गेला नाही. तो कागद घेऊन गेला: ताशी ६० मैल, पाय किंचित सैल, काँक्रीट आणि डांबर दोन्हींवर, टपाच्या पट्ट्या काढून, चारही टायर सारखे, सूर ४४४.

सल्लागाराने तो कागद दोनदा वाचला आणि वर्कशॉपच्या फोरमनला बोलावलं. फोरमन शेजारी बसला, मालकाने गाडी टोलवेवर नेली, वडील आणि पेटीवादक मागे. साठला फोरमनने मान हलवली. ऐकू आला होता. मग त्याने या धंद्यातली ठरलेली पुढची पायरी सुचवली. विक्रीसाठी उभी असलेली त्याच मॉडेलची, तेवढेच दात असलेली नवीकोरी गाडी काढायची आणि त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने न्यायची. त्या गाडीचं पहिलं स्टिकरही अजून निघालं नव्हतं. चौघे बसले. चाळीस, पन्नास, साठ. फोरमनने पाय किंचित सैल सोडला. पेटीवादकांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. पांढरी सहा. किंचित हळू, पण तीच.

फोरमनने समाधानाने सांगितलं, दोन्हींत आहे, म्हणजे ही गाडीची मूळ प्रकृती आहे, बिघाड नाही.

“काय म्हणतोय तो?” वडिलांनी विचारलं.

मालकाने सांगितलं.

“बरोबर आहे,” वडील म्हणाले. “त्याला म्हणावं, हिचंही हौसिंग उघड.”